जट जाड होते ती गळलेल्या केसांनी

जटेबद्दलचा एक लांबलचक मेसेज पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पार्लरमध्ये केलेल्या ड्रेडलॉक्स (केस मुद्दाम गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा) वर्षभरात बारीक होतात, देवीची जट मात्र वर्षागणिक जाड होते, म्हणजे ती जिवंत असते. ती आधी फुगते आणि मग कडक होते, हे देवी स्थिरावल्याचं लक्षण. ती एका रात्रीत येते. कापली तर रक्त येतं आणि घरातलं माणूस जातं. तिला कंगवा, तेल, साबण लावायचा नाही, फक्त हळद-कुंकू वाहायचं. आणि हे सगळं म्हणे शास्त्रात आहे.

परवा हा मेसेज आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला. त्या ग्रुपमधल्या एका आजींच्या नऊ वर्षांच्या नातीच्या केसांत, मानेजवळ, रुपयाएवढा गुंता झालाय. मेसेज येईपर्यंत तो नुसता गुंता होता. आता त्या घरात कुणी कंगवा हातात घ्यायला तयार नाही. म्हणून हे उत्तर, आणि जरा तपशिलात.

आधी जाडीचं बघू, कारण सगळा मेसेज त्याच खांबावर उभा आहे. त्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. नीट राखलेल्या ड्रेडलॉक्स काही महिन्यांनी आवळून बारीक दिसतात आणि न राखलेली जट जाड होत जाते, हे खरंच आहे. पण दोन्हींमागे एकच यंत्रणा आहे. फरक पडतो तो मुळाशी कुणी हात फिरवतं की नाही, एवढ्याने.

केसाच्या अंगावर कौलांसारखे खवले असतात, टोकाकडे तोंड केलेले. केसांचा झुबका चोळला गेला, उशीवर घासला गेला, की प्रत्येक केस एकाच दिशेला सरकू शकतो, मागे येताना खवले अडतात. असे हजारो केस एकमेकांत सरकत गेले की त्यांचा नमदा, म्हणजे न विणता घट्ट बसलेला थर होतो. लोकरी स्वेटर गरम पाण्यात साबण लावून चोळला तर तो आटतो आणि जाड होतो, ते ह्याच कारणाने. स्वेटर जिवंत आहे असं आपण म्हणत नाही.

आता ड्रेडलॉक घ्या. आपल्याकडच्या सरळ केसांवर ती करताना डोक्यावर साधारण अडीच सेंटिमीटरचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनातले केस उलटे विंचरून क्रोशाच्या सुईने आत ओढतात. एका चौकोनात हजार-बाराशे केस येतात. बट तयार झाली की पेन्सिलीपेक्षा थोडी जाड असते. पहिले तीन ते सहा महिने ती फुगते, कारण केस आत वळून वेटोळी करतात आणि वेटोळ्यांत हवा अडकते. मध्येच गाठी येतात, बाजूने केस पिंजल्यासारखे निघतात, लांबी डोळ्यांदेखत कमी होते, कधी कधी तिसऱ्या हिश्शाने. पुढच्या सहा ते बारा महिन्यांत वेटोळी आवळतात, हवा निघते, बट कडक होते आणि बारीक दिसते. मेसेजमधलं ‘आधी फुगते, मग कडक होते’ ते हेच. कुठल्याही डोक्यावर, कुठल्याही धर्माच्या माणसाच्या केसांत हे ह्याच क्रमाने घडतं.

ती पुढे जाड का होत नाही? कारण दर चार ते सहा आठवड्यांनी मुळाशी शेजारच्या बटा बोटांनी वेगळ्या कराव्या लागतात. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, आणि हे नवे मोकळे केस शेजारच्या बटेत शिरायला बघत असतात. ते सोडवले तर प्रत्येक बटेकडे तिच्या चौकोनातलेच केस राहतात. दोन-तीन महिने दुर्लक्ष झालं की दोन बटा मुळाशी चिकटून एक होतात, आणि तिथून पुढची वाढ दुप्पट जाडीची. उलटी चूकही होते. मुळाशी सारखा पीळ देत राहिलं तर बट तिथे झिजते, वर जाड आणि मुळाशी दोऱ्यासारखी होते आणि एक दिवस तुटून हातात येते. कातडीवरचे केसही ओढ बसून विरळ होतात.

जटेत नेमकं हे वेगळं करणं होत नाही. शिवाय गळणारे केस. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळतात. आपण विंचरतो, ते कंगव्यात येतात. जटेत ते कुठेही जात नाहीत. डोक्याच्या दहाव्या हिश्शावर जट असेल तर तिथले रोजचे पाच ते दहा केस तिच्यातच अडकतात, म्हणजे वर्षाला दोन ते साडेतीन हजार. ज्या मुळातून केस गळला तिथून नवा केस उगवतो आणि तोही जाऊन त्याच जटेत बसतो. दहा वर्षांची जट म्हणजे मूळचे दहा हजार केस आणि वर वीस-तीस हजार गळलेले केस. त्यात मुळाशी आजूबाजूचे मोकळे केस ओढले जातात, म्हणून ती डोक्यालगत दरवर्षी रुंद होते. रात्री तिच्यावर झोपल्याने चपटी होते. तेल, धूळ, हळद, कुंकू, कोंडा आत साठतो, तो वेगळा. जट जाड होण्यात ह्याहून जास्त काही नाही. जिवंत भाग फक्त कातडीखाली, केसाच्या मुळात असतो. बाहेर आलेला केस नखाच्या टोकाइतकाच निर्जीव.

रक्ताच्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं, कारण ह्या एका वाक्यापायी बायका पंधरा-वीस वर्षं मान वाकवून जगतात. केसात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. मग लाल पाणी बघितल्याचं लोक सांगतात ते काय? सगळेच खोटं बोलत नाहीत. पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला, तर डाग लालभडक होतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईने मोरीत बघितलेलं आहे. हळदीचा रंग क्षारात लाल होतो, कुंकूही हळदीला चुन्यासारखा क्षार लावूनच पारंपरिक पद्धतीने करत. आता वर्षानुवर्षं भंडारा आणि कुंकू भरलेली जट मऊ पडावी म्हणून साबणाच्या पाण्यात बुडवा. पाणी लाल येणारच. घरी खात्री करायची असेल तर कापसाचा बोळा हळदीत घोळून साबणाच्या पाण्यात टाका, एका मिनिटात कळेल.

दुसरं कारण खरं रक्ताचंच आहे आणि ते गंभीर आहे. जटेच्या वजनाने खालची कातडी ओढली जाऊन वर उचलली जाते. खाली उवांनी खाजवून झालेल्या जखमा, ओल्या खपल्या असतात, कधी अळ्याही. घाबरलेल्या माणसाने मोठी कात्री घेऊन एका झटक्यात मुळाशी कापलं तर कातडीच कापली जाते. तो दोष कापण्याच्या पद्धतीचा. पद्धत अशी: दोन माणसं लागतात. एकाने जट तळहातावर तोलून धरायची, म्हणजे अर्धी कापल्यावर उरलेल्या केसांवर सगळा भार येत नाही. दुसऱ्याने जट आणि कातडी ह्यांच्यामध्ये शेपटीच्या कंगव्याचं टोक किंवा बोट सरकवून मोकळी जागा शोधायची. नव्याने वाढलेले, न गुंतलेले केस तिथे बहुतेक वेळा सापडतात. बोथट टोकाच्या कात्रीने, बोट कातडीच्या बाजूला ठेवून, थोडे थोडे केस कापत जायचं. मग डोकं कोमट पाण्याने धुऊन उजेडात कातडी बघायची. उवा असतील तर एक टक्का परमेथ्रिनचं लोशन धुतलेल्या, टिपलेल्या केसांना दहा मिनिटं लावून धुवायचं आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा, कारण लिखांतून नव्या उवा निघतात. वाहती जखम, पू किंवा अळ्या दिसल्या तर आधी डॉक्टर. अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) नंदिनी जाधव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी अशा शेकडो जटा सोडवल्या आहेत, घरच्यांना समोर बसवून.

‘शास्त्रात आहे’ म्हणणाऱ्यांनी शास्त्र उघडून बघावं. वाल्मीकि रामायणात, अयोध्याकांडात, राम गंगेच्या काठी गुहाकडून वडाचा चीक मागवतो आणि स्वतःच्या व लक्ष्मणाच्या केसांच्या जटा करतो. म्हणजे जट हाताने, चीक लावून, एका बैठकीत करता येते हे वाल्मीकींना माहीत होतं. वनवास संपवून राम परत येतो तेव्हा युद्धकांडात शत्रुघ्नाच्या सांगण्यावरून हलक्या हाताचे, कुशल न्हावी येतात. रामाच्या जटा सोडवल्या जातात, तो स्नान करतो आणि मग राज्याभिषेक होतो. मूळ शब्द ‘विशोधितजटः’ असा आहे. चौदा वर्षांच्या जटा निघाल्या आणि त्या घरात कुणाचा मृत्यू झाला नाही. सोहळा झाला. रामाच्या जटा न्हाव्याने काढलेल्या चालतात, तर शेतमजूर बाईची जट काढायला कौल का लावायचा?

घरातलं माणूस जातं, ही भीती आपल्यापुरतीही नाही. पोलंडमध्ये शेतकरी अशीच जट टोपीखाली जपत आणि कापली तर आंधळेपण येईल म्हणून घाबरत. वैद्यकात तिला आजही प्लायका पोलोनिका म्हणतात. क्राकोवचे डॉक्टर युझेफ डीट्ल ह्यांनी एकोणिसाव्या शतकात ती अस्वच्छतेतून होते हे ठामपणे मांडलं. ते १८६६ मध्ये त्या शहराचे महापौरही झाले.

एका रात्रीत येते, हे क्वचित खरं असतं. लांब केस डोक्यावर गोळा करून गोल गोल चोळत धुतले, तर एका न्हाण्यातही ते गच्च बसू शकतात, त्वचारोगतज्ज्ञांना हे ठाऊक आहे. बहुतेक वेळा मात्र बाळंतपण, लांबलेलं आजारपण, अंथरुणाला खिळणं, उवा, ह्यांत दोन-चार आठवडे विंचरणं राहून जातं आणि गुंता हाताला लागतो तो एके दिवशी सकाळी.

कंगवा-तेल वर्ज्य करण्याबद्दल इतकंच: तोच नियम जट जाड करतो. आणि मुलीच्या डोक्यावर जट दिसली की तिला देवीला सोडायची हे अजून कुणी सुचवत असेल, तर तो गुन्हा आहे. सौंदत्तीची यल्लम्मा ज्या कर्नाटकात आहे, तिथे १९८०च्या दशकापासून त्याविरुद्ध कायदा आहे.

राहता राहिला नातीचा गुंता. रुपयाएवढा, काही आठवड्यांचा गुंता कापावाही लागत नाही. केस कोरडे असताना त्यावर दोन चमचे खोबरेल तेल बोटांनी जिरवा आणि अर्धा तास थांबा. ओले करू नका, ओले केस ताणले जाऊन तुटतात. गुंत्याच्या वरच्या बाजूला केस मुठीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. मग विणायची सुई घेऊन टोकाकडून सुरुवात करा, कधीही मुळाकडून नाही. एका वेळी चार-पाच केस बाहेर काढा, सुटलेले बाजूला पिनेने लावा, आणि शेवटी मोठ्या दातांचा कंगवा फिरवा. तास-दीड तास लागेल. कंगव्यात मूठभर केस येतील, ते बघून घाबरू नका. ते त्या काही आठवड्यांत गळून आत अडकलेले आहेत. रात्री सैल वेणी घालून झोपवा.