नेत्र नव्हे, नेतृ : ऐरोलीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया रात्री वाचली, थोडा चिडलो, सकाळी पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं असं : मागच्या लेखात मी मेंदूतल्या पेशींबाहेरच्या मॅट्रिक्सला, म्हणजे पेशींमधली जागा भरणाऱ्या जाळीला, आमच्या ठाण्याच्या घोडबंदर रोडची उपमा दिली आणि हा रोडच वाढत्या मज्जातंतूंना दिशा दाखवतो असंही लिहिलं. तुमच्या मते रस्ता फक्त वाट देतो, कुठे जायचं ते ड्रायव्हर ठरवतो, आणि इथे ड्रायव्हर म्हणजे जनुकं. शिवाय तंतूंना वाट दाखवणाऱ्या ‘नेत्रिन’ या प्रथिनाचं नाव नेत्रावरून आलं हे विधान ठार चूक.

शेवटचं आधी. चूक माझीच. १९९४ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या मेंदूतून हे प्रथिन वेगळं काढणाऱ्यांनी संस्कृतातला ‘नेतृ’, म्हणजे नेणारा, हा शब्द घेतला. मी तेव्हा डोळ्यातल्या तंतूंबद्दल वाचत होतो, म्हणून नेत्र डोक्यात बसला. (नेत्रही ‘नी’ धातूचाच, पण ही पळवाट झाली.) लेख दुरुस्त केला आहे.

आता रस्ता. मॅट्रिक्समधलं लॅमिनिन हे प्रथिन तंतूच्या चाचपडणाऱ्या टोकाला पकड देतं. टोकावरचे इंटेग्रिन, म्हणजे पकडणारी प्रथिनं, त्याला धरतात आणि त्या आधारावर तंतू पुढे सरकतो. एवढंच असतं तर तुमचं म्हणणं मान्य करून गप्प बसलो असतो. पण १९९९ मध्ये बेडकाच्या भ्रूणातल्या दृष्टिपटलाच्या तंतूंवर एक प्रयोग झाला. एरवी हे तंतू नेत्रिनकडे वळतात. लॅमिनिनवर वाढवले, तर त्याच नेत्रिनपासून लांब पळतात! लॅमिनिनमुळे सायक्लिक एएमपी या पेशीतल्या निरोप्या रेणूचं प्रमाण उतरतं आणि नेत्रिनच्या खुणेचा अर्थच उलटा होतो. खरी गंमत पुढे आहे. लॅमिनिनचा छोटासा तुकडा नुसता द्रावात सोडला, तरी हेच घडलं. म्हणजे प्रश्न पकडीचा नव्हता. रस्त्याचा चुरा पाण्यात कालवून ड्रायव्हरला पाजला आणि त्याने गाडी उलटी वळवली, असा प्रकार!

डोळ्यात याचा उपयोग होत असावा, असं त्या संशोधकांनी सुचवलं. दृष्टिपटलाच्या पृष्ठभागावर लॅमिनिन असतं आणि दृष्टिचेता, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी तंतूंची जुडी, जिथून बाहेर पडते तिथे नेत्रिन. दोन्ही एकत्र आले, की तंतू पृष्ठभागावरून ढकलला जाऊन चेतेत शिरतो. खूण तीच, अर्थ जागेवर ठरतो. पावसाची सर एकच. येऊरच्या डोंगराच्या चढावर असलो तर आपण पुढे चालत राहतो, वंदना टॉकीजपाशी असलो तर मागे फिरतो.

दुसरं, खूण (नेत्रिन) आणि रस्ता (लॅमिनिन) इतके वेगळे नाहीतच. नेत्रिनची रचना लॅमिनिनच्या नात्यातली. ते भ्रूणाच्या मज्जारज्जूच्या तळपट्टीतून, म्हणजे मधोमध तळाशी असलेल्या पेशींच्या पट्टीतून, अत्तरासारखं पसरतं आणि तंतू त्या वासावर जातात, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०१७ मध्ये उंदरांवरच्या कामात दिसलं, की तळपट्टीतलं नेत्रिन काढलं तरी बहुतेक तंतू मधली रेषा ओलांडून पलीकडे जातात. आतल्या जनक पेशींनी (ज्यांपासून मज्जापेशी बनतात) मज्जारज्जूच्या बाहेरच्या कडेला नेऊन चिकटवलेलं नेत्रिन जास्त कामाचं. पुढे २०१९ मध्ये तळपट्टीलाही श्रेयाचा वाटा परत मिळाला, तळपट्टी आणि जनक पेशी मिळून काम करतात म्हणून. पण कडेला चिकटलेल्या नेत्रिनला तुम्ही पाटी म्हणाल की डांबर?

जनुकांबद्दल भांडण नाही. लॅमिनिनही जनुकावरूनच बनतं. पण तंतूच्या आत वाटेचा नकाशा नसतो; पुढचं पाऊल तो पायाखालचं चाचपूनच टाकतो.

तुमच्या शेवटच्या ओळीतला प्रश्न, म्हणजे मोठेपणी मज्जारज्जू तुटला तर तंतू पुन्हा का वाढत नाहीत, याच विषयाचा भाग आहे. अनेक कारणांपैकी एक म्हणजे जखमेभोवती साचणारे कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचे प्रोटिओग्लायकन, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या लावलेली प्रथिनं. हेही मॅट्रिक्सच, फक्त अडवणारं. २००२ मध्ये उंदरांच्या मोठ्या भाऊबंदांत, रॅटमध्ये, त्यांच्या साखळ्या एका जिवाणूच्या विकराने (एन्झाइमने) कापल्यावर तंतू काही प्रमाणात वाढले आणि चालही सुधारली. त्यावर पुढचा लेख लिहायला घेतलाय. घोडबंदर रोड त्यात नसेल.