मुंगळ्यांची राणी आणि मोबाइलचा टॉर्च

पाऊस तोंडावर आला की विचारणा सुरू होते: "आंब्याच्या बुंध्याशी मुंगळ्यांचं बीळ आहे, पाळायला खणून बरणीत भरू का?" नका भरू. राणी खोल बसलेली असते. कुदळीला लागतात ते कामकरी, आणि राणीशिवाय नवे कामकरी नाहीत. बरणी हळूहळू रिकामी होते, एवढंच. (मुंगळे ज्या कॅम्पोनोटस वंशातले, त्यातल्यांना सुतार मुंग्या म्हणतात म्हणून घरच्या फर्निचरची काळजी नको. आपला काळा मुंगळा मातीत राहतो, आणि लाकूड तर यांच्यातलं कुणीच खात नाही.)

त्यापेक्षा एक राणी शोधा. दणकून पाऊस झाल्यावर संध्याकाळी दिव्याखाली, भिंतीच्या कडेने फिरताना दिसते. पंख झडलेली असली तर उत्तम, पण तेवढ्यावरून मिलन झालंच असं नाही. वाळवीशी गल्लत करू नका: वाळवीचे चारही पंख सारखे आणि कंबर नसते. मोठ्या डोक्याचा कामकरी राणी म्हणून आणणारेही पुष्कळ. डोकं बघू नका, डोक्यामागची छाती बघा. राणीची जाड, फुगीर आणि पंख तुटल्याच्या खुणा असलेली. कामकऱ्याची सडपातळ.

१६ बाय १५० मिमीची टेस्ट ट्यूब घ्या. एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट कापूस. कापूस ओला व्हावा, पण थेंब गळता कामा नये. मग राणी, मग तोंडाला सैलसर बोळा. काळा कागद गुंडाळून कपाटात ठेवा; मिक्सर, फ्रिज यांच्यापासून लांब, कारण हादरे त्यांना लगेच जाणवतात. खायला काही द्यायचं नाही. पंखांचे स्नायू आता तिच्या कामाचे नाहीत. ते विरघळवून ती पहिली पिल्लं पोसते.

आणि इथेच बहुतेकांचं बिघडतं. रोज ट्यूब काढायची, मोबाइलचा टॉर्च मारायचा, फोटो ग्रुपवर टाकायचा. बिथरलेली राणी स्वतःची अंडी खाते. त्यात क्रौर्य नाही, गुंतवलेलं अन्न ती परत घेते. आठवड्यातून एकदा, लाल जिलेटिन कागदातून, दहा सेकंद बघा. २६ ते २८ अंशांत पहिले कामकरी यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. कोषाच्या एका टोकाला काळा ठिपका दिसला तर घाबरू नका, ती बुरशी नाही. अळीने कोष विणल्यावर टाकलेली विष्ठा आहे.

पहिले चार-सहा कामकरी अगदी बारके निघतात. आता एक भाग साखर, चार भाग पाणी, कापसाच्या छोट्या बोळ्यावर. उघडा थेंब ठेवलात तर बुडून मरतील. आपल्या हवेत हे दोन दिवसांत आंबतं, बदलत राहा. प्रोटीनसाठी झुरळाचा पाय किंवा नाकतोड्याचा तुकडा, उकळत्या पाण्यात बुडवून काढलेला, म्हणजे माइट (बारीक परजीवी किडे) येत नाहीत. घरात झुरळांचा खडू किंवा स्प्रे मारला असेल तर ते झुरळ वर्ज्य. त्याच खोलीत डास पळवायचं मशीनही नको. त्यातलं औषध कीटकांसाठीच आहे, मुंगळा अपवाद कसा असेल?

मोठ्या घराची घाई नको. वीस-पंचवीस कामकरी होईपर्यंत ट्यूबच बरी. घर मोठं झालं की रिकाम्या कोपऱ्यात कचरा साठतो, बुरशी धरते. नंतर एएसी ब्लॉकमध्ये (बांधकामाची हलकी, सच्छिद्र वीट) १२ ते १५ मिमी खोल खोल्या कोरा, वर काच, एका कडेला पाणी घालायला खड्डा. अर्धा ब्लॉक ओला, अर्धा कोरडा. कुठे राहायचं ते त्यांचं ते ठरवतील. ब्लॉक ज्या डब्यात ठेवाल त्याच्या काठाला टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावतात, पण पावसाळ्यात ती ओल धरते आणि मुंगळे चढून येतात. तेव्हा खाली पाण्याची परात हवी.

मुंगळ्यांचं घर बदलताना ट्यूब उलटी करून झटकू नका. जुन्या आणि नव्या ट्यूबची तोंडं जोडून टेप लावा, जुनीवरचा कागद काढा, नवी झाकून ठेवा. अंडी तोंडात धरून ते आपणहून जातात. कधी तासाभरात, कधी आठवड्याने.