लाल टोपण, केशरी टोपण

“एमबीबीएस, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, सगळ्यांना आता एकाच वर्गात बसवणार. डॉक्टरांचा दर्जा उतरणार, उद्या सिस्टरच प्रिस्क्रिप्शन लिहिणार. टीमवर्क कामाला लागल्यावर येतंच. ज्याचा काही पुरावा नाही असलं परदेशी खूळ आपल्या मुलांवर नको.” सोलापुरातल्या पालकांच्या आणि डॉक्टरांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. मलाच तो चार ठिकाणांहून आला. मी इथे नर्सिंग शिकवते, त्याआधी बारा वर्षं वॉर्डात काढली. म्हणून गप्प बसवत नाही.

एकाच वर्गात बसवणार, हे मुळातच चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या शिक्षणाचा आराखडा मांडला. दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात ते आंतरव्यावसायिक शिक्षण, अशी त्यातली व्याख्या आहे. दोनशे जणांना एका हॉलमध्ये ॲनाटॉमी ऐकवली तर कोण कोणाकडून काय शिकणार? ज्याचा अभ्यासक्रम त्याच्याकडेच राहतो. फक्त काही तास एका रुग्णाभोवती सगळ्यांनी मिळून बसायचं असतं.

टीमवर्क आपोआप येतं, हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक विडी कामगार मावशी मला आजही आठवतात. घरात तेलुगू, मराठी जेमतेम. रोज वीस युनिट इन्सुलिन घेऊनही शुगर उतरेना, म्हणून डॉक्टरांनी डोस तीसवर नेला. पुढे पायाच्या जखमेसाठी त्या ॲडमिट झाल्या. आम्ही केसपेपर बघून तीस युनिट दिले आणि पहाटे मावशी घामाने चिंब, हाक मारली तरी ओ देईनात. ग्लुकोज लावलं, त्या वाचल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाने घरची पिशवी आणली तेव्हा उलगडा झाला. बाटली ४० ताकदीची, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. मेडिकलमधून मिळाली होती केशरी टोपणाची, १०० ताकदीच्या इन्सुलिनसाठीची. त्या सिरिंजवर तीसच्या रेघेपर्यंत ओढलं की ०.३ मिली येतं, म्हणजे खरे युनिट बाराच. घरी बारा, वॉर्डात तीस. डॉक्टरांनी डोस विचार करूनच वाढवला होता, मेडिकलवाल्याने मागितली ती सिरिंज दिली होती, आम्ही लिहिलं होतं तेच दिलं होतं. आपापल्या जागी कोणीच चुकलं नव्हतं. आम्ही सगळे वर्षानुवर्षं एकाच साखळीत काम करत होतो, तरी एकमेकांना विचारायची सवय कोणालाच नव्हती. ती आपोआप आली नाही.

परदेशी खूळ म्हणणाऱ्यांना इथेच उत्तर आहे. अमेरिकेत इन्सुलिनची नेहमीची ताकद १००. ४० आणि १०० शेजारी शेजारी विकले जाण्याचा गोंधळ आपल्याकडचा आहे. शिवाय सोलापूरच्या वॉर्डात एका खाटेवर कन्नड, दुसरीवर तेलुगू, तिसरीवर उर्दू. रुग्णाला घरी जाऊन काय करायचं ते खरंच कळलंय का, हे बहुतेक वेळा डॉक्टरांच्या आधी सिस्टरला किंवा वॉर्डात काम करणाऱ्या मावशींना ठाऊक असतं.

पुरावा नाही, हेही खरं नाही. पण तो आहे त्याहून मोठा करून मी सांगणार नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०१३ च्या आढाव्यात अशा शिक्षणाचे १५ अभ्यास तपासले होते. सातांत चांगले परिणाम दिसले, चारांत संमिश्र, चारांत काहीच फरक नाही. म्हणजे दरवेळी फरक पडतोच असं नाही. दुसरीकडे शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी बघा. चिरा देण्याआधी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टर एकमेकांना नाव व काम सांगतात, रुग्ण आणि शस्त्रक्रिया तीच आहे ना हे मोठ्याने पडताळतात. दिल्लीसह आठ शहरांत ती वापरून पाहिली. २००९ च्या अहवालात मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. ती यादी काही वर्गात शिकवलेला तास नव्हे, मान्य. पण शिकतानाच एकमेकांशी बोलायची सवय झाली नसेल, तर मोठ्या सर्जनला “सर, थांबा” म्हणायची हिंमत सिस्टरला ऐनवेळी कुठून येणार?

दर्जा उतरण्याचं म्हणाल तर २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमातच डॉक्टरच्या पाच भूमिकांपैकी एक ‘आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य’ अशी लिहिली आहे. सिस्टर प्रिस्क्रिप्शन लिहिणार ही भीतीही निराधार. नोंदणी वेगळी, परिषदा वेगळ्या, एकत्र शिकल्याने कोणाचे अधिकार बदलत नाहीत.

आम्ही चार शाखांची आठ मुलं एका टेबलाभोवती बसवली. मध्ये इन्सुलिनची बाटली, दोन्ही सिरिंजा आणि मावशींची नाव झाकलेली चिठ्ठी. फार्मसीच्या मुलाने बाटलीवरची ताकद वाचली, नर्सिंगच्या मुलीने दोन्ही सिरिंजांत पाणी ओढून शेजारी धरलं. एमबीबीएसचा मुलगा बराच वेळ त्या दोन पातळ्यांकडे बघत राहिला. मग चिठ्ठी पुढे ओढून त्याने डोसखाली लिहिलं : बाटली ४०, सिरिंज लाल टोपणाची, घरी कोण देतं ते विचारणे.