पावणेचारशे पायऱ्या आणि एक धिरडं

फोटोत पायऱ्या दिसत नाहीत. फोटोत निळा समुद्र दिसतो, कड्याला चिकटलेली गुलाबी-पिवळी घरं दिसतात आणि खाली एखादी होडी, जणू फोटोसाठीच बांधून ठेवलेली. असल्याच एका फोटोला भुलून आम्ही इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर, चिंक्वे तेर्रेला गेलो. चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच गावं: मोन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. 1997 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. माझे गुडघे त्याहून जुने असून कुठल्याच यादीत नाहीत.

गावं एकमेकांपासून रेल्वेने चार-पाच मिनिटांवर. गाडीला ही गर्दी! बाकीचे प्रवासी हवालदिल झाले होते, मी मात्र प्रसन्न. डोंबिवलीहून तीस वर्षं सकाळची फास्ट पकडलेल्या माणसाला इटलीची गाडी काय घाबरवणार? ‘‘उतरायचं त्या बाजूला सरकून राहा,’’ असं मी दोन जर्मनांना खुणेने शिकवलंसुद्धा. गाडी थांबली तेव्हा आमचा डबा बोगद्यात होता. बोगद्याचा अंधार संपून एकदम समुद्र दिसला तेव्हा ही म्हणाली, ‘‘अहो, छानच आहे की!’’ ‘अहो’नंतर तक्रार न येण्याचा सबंध सहलीतला तो एकमेव प्रसंग.

पहिला दिवस मोन्तेरोस्सोला गेला. तिथली अँचोवी नावाजलेली. अँचोवी म्हणजे काय हे रत्नागिरीच्या माणसाने कुणाला विचारायचं नसतं. आपली मांदेली त्याच घराण्यातली. मी मोठ्या ऐटीत मागवली. आली ती लिंबाच्या रसात मुरवलेली, विस्तवाचं तोंडही न बघितलेली. मी दोन मिनिटं वाट पाहिली, म्हटलं आता तवा आणतील. तवा काही आला नाही. खाल्ली. पहिला घास धाडसाने, दुसरा कुतूहलाने आणि बाकीची बशी हिला न विचारता.

ही शाकाहारी. तिच्यासाठी त्रोफिए मागवली. त्रोफिए म्हणजे शेवयांना पीळ पडल्यासारखा पास्ता, त्यात चक्क बटाटा आणि फरसबी, वर हिरवंगार पेस्तो. ‘‘ही तुळशीची चटणी ना? मी नाही हो खाणार.’’ मग भर हॉटेलात मी वनस्पतिशास्त्र सांगितलं: ‘‘अगं, ही आपली वृंदावनातली तुळस नव्हे, हा सब्जा. फालुद्यात बी घालतेस ना, त्याचंच झाड.’’ तेव्हा कुठे घास उतरला. पुढे तिने पाइन नट, लसूण, चीज सगळं जिभेवर ओळखलं आणि ‘हिरवी मिरची राहिली’ असा निकाल दिला.

बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन युरो जास्तीचे होते. ते कसले, म्हणून विचारलं. वेटर शांतपणे म्हणाला, टेबलावर बसल्याचे.

‘‘उभ्याने जेवलो असतो,’’ ही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कोर्निल्या. पाचांपैकी हे एकच गाव थेट पाण्याला लागून नाही. ते शंभरेक मीटर उंच कड्यावर बसलंय आणि स्टेशन खाली. स्टेशनबाहेर वर जाणारी छोटी बस उभी होती. रांग मात्र लांबलचक. शेजारी पाटी होती, लार्दारीना, म्हणजे पायऱ्यांची वाट. ‘‘जेजुरी चढलेली माणसं आपण,’’ मी म्हणालो. हे वाक्य मला अजून दर आठवड्याला ऐकवलं जातं.

तेहतीस वळणं. पायऱ्या पावणेचारशेच्या वर. पर्वतीच्या 103 धरल्या तर साडेतीन पर्वत्या, त्याही भर दुपारी. दहाव्या वळणावर मी समुद्राचं सौंदर्य पाहायला थांबलो. चौदाव्यावरही सौंदर्य पाहिलं. विसाव्यानंतर सौंदर्य पाहण्याची गरज दर पाच पायऱ्यांनी भासू लागली. तिथल्या डोंगरउतारावर दगडावर दगड रचून, चुन्याशिवाय बांधलेल्या भिंतींचे टप्पे आहेत आणि त्यावर द्राक्षांचे मळे. तोडलेली द्राक्षं वाहायला एका रुळावरून चालणारी चिमुकली गाडी असते, असं मी वाचलं होतं. द्राक्षांची सोय आहे, माणसांची नाही. आमच्या शेजारून बस दोनदा वर गेली. रांगेतली एक आजी आम्हाला खिडकीतून हात करत होती.

वर पोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते आणि स्वयंपाकघरं बंद झाली होती. एक नाही, सगळी. आता सातनंतर. आपल्याकडे दुपारी चारला कुठेही वडापाव मिळतो, या गोष्टीला आपण संस्कृती म्हणत नाही, ही आपली चूक आहे. एका ठिकाणी कॉफी मात्र मिळत होती. मी कापुचिनो मागितली. सकाळ सरल्यावर दुधाची कॉफी मागणाऱ्याकडे तिथे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने आपण श्रावणात मटण मागणाऱ्याकडे बघतो. पर्समधून दशम्या निघाल्या. गेल्या महिन्यात ‘‘इटलीला दशम्या कशाला?’’ असं विचारणारा मीच. तीन खाल्ल्या.

उतरताना बस घेतली, त्याबद्दल दोघंही काही बोललो नाही.

संध्याकाळी ला स्पेत्सिया या जवळच्या शहरात मुक्कामी परतलो, तर एका गल्लीत लाकडाच्या भट्टीतून भलीमोठी तांब्याची परात बाहेर निघत होती. परातीत सोनेरी, कडेला खरपूस असं काहीतरी. फारिनाता. पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल. पीठ कसलं, तर हरभऱ्याचं. कापून, कागदावर ठेवून, वर मिरपूड घालून दिली. ही पहिल्या घासाला थांबली. माझ्याकडे बघितलं.

‘‘अहो, हे धिरडं आहे.’’

सांगायला हवं की आमच्या घरी गुरुवारी रात्री धिरडी असतात आणि दर गुरुवारी ‘‘आज परत धिरडी?’’ असं मी गेली सव्वीस वर्षं म्हणत आलोय.

‘‘ओवा नाही, हळद नाही,’’ तिने चवीचं वाचन पुढे सुरू ठेवलं. मी तोवर दुसऱ्या तुकड्याच्या रांगेत होतो. मग तिसऱ्या. सगळं उभ्याने.

परत आल्यानंतरचा पहिला गुरुवार. मी काही न बोलता ताटावर बसलो. गरम धिरडं आलं, वर मिरपूड भुरभुरलेली. मी हात घालणार तोच ही म्हणाली, ‘‘बसायचे दोन युरो आधी ठेवा.’’