अक्कलकोट झालं का?

सोलापूरला नुसतं फिरायला जाता येत नाही. जायला कुणाची आडकाठी नसते, पण गेल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. महाबळेश्वर, अलिबाग, लोणावळा ही नावं निघाली की मला आधी गाड्यांची रांग दिसते, तेव्हा म्हटलं, जिथं कुणी जात नाही तिथं जाऊ. चादरी बघू, शेंगाची चटणी खाऊ, पेठांमधून भटकू आणि रविवारी परत. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून वंदे भारत पकडली आणि रात्री अकराच्या सुमाराला आम्ही नवरा-बायको बॅगा घेऊन लॉजच्या काउंटरसमोर उभे होतो. या बेतात कुणाला काही खटकण्यासारखं आहे, हे तोवर माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

काउंटरवरच्या पोराला खटकलं. रजिस्टरात ‘येण्याचे कारण’ असा रकाना होता.

“दर्शन ना सर?”

“नाही. फिरायला.”

“फिरायला म्हणजे, लग्नकार्य?”

“फिरायला म्हणजे फिरायला.”

त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि रकान्यात ‘दर्शन’ लिहिलं. मग आधार कार्डं शेजारी-शेजारी ठेवली. “मॅडमचं आडनाव वेगळंय.” आहे. “का बरं?” आता, दहावीतल्या मुलीचे आईबाप रात्री सव्वाअकराला या प्रश्नाचं काय उत्तर देणार? शेवटी मोबाईलमधला घरचा फोटो दाखवला. त्यात आमची मुलगी आमच्या दोघांच्या मधे उभी राहून आमच्यावर वैतागलेली आहे. तो वैताग पाहून त्याची खात्री पटली असावी, कारण किल्ली मिळाली. माझं आडनाव मॅडमपेक्षा वेगळं का, हे मात्र त्यानं मला विचारलं नाही. हे मी हसत हसत सांगतोय, पण बायको तेव्हा हसत नव्हती आणि अजूनही हसलेली नाही. वर जाताना मागून आवाज आला, “पाणी सकाळी आठच्या आत भरून घ्या सर, नंतर भरवसा नाही.” उजनी धरण याच जिल्ह्यात आणि शहराच्या नळाला पाणी काही दिवसांआड. असो. मी फिरायला आलो होतो.

सकाळी रिक्षावाल्याला नवी पेठ सांगितली तर तो “आधी सिद्धेश्वर करू” म्हणाला आणि त्यानं केलंसुद्धा. तलावातलं देऊळ, बाजूला भुईकोट किल्ल्याचे बुरूज, सकाळची वेळ, सगळं सुरेख. पण ते सुरेख राहू द्या. मला चादरीच्या दुकानातल्या काकांबद्दल सांगायचंय.

काका दुकानाचे मालक नव्हते. गिऱ्हाईकही नव्हते. पंख्याखाली टॉवेलच्या गठ्ठ्यावर ते बसले होते आणि हातातल्या एक्स-रेच्या मोठ्या पाकिटानं वारा घेत होते. वर पंखा चालू होता, तरीही. मालक आमच्यासमोर चादर झटकून उलगडत होता. अस्सल सोलापुरी चादर उलगडताना फट्ट असा आवाज येतो आणि खळीचा वास नाकात शिरतो. एका बाजूला हिरव्यावर मरून मोर, उलटून टाकली की मरूनवर हिरवा मोर. बायको दोन्ही मोर निरखत होती. “वजन बघा वजन,” म्हणत मालकानं चादर माझ्या हातावर टाकली. वजन होतं. पानिपतचा माल सोलापुरी म्हणून कसा खपवतात, २००५ साली भौगोलिक मानांकन मिळूनसुद्धा त्याला कसा आळा बसत नाही, हे तो पोटतिडकीनं सांगत होता आणि मला ते ऐकायचंही होतं. तेवढ्यात गठ्ठ्यावरून प्रश्न आला.

“कुठनं आलाव?”

“पुण्याहून.”

“अक्कलकोट झालं का?”

“नाही.”

“मग आता जाऊलालाव.”

“नाही, या खेपेला अक्कलकोट नाही.”

पाकीट थांबलं. “तुळजापूर करून आलाव मग.”

“नाही.”

“पंढरपूर?”

“नाही.”

“गाणगापूर?” हे त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. गाणगापूरला माणसाला कशासाठी नेतात हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. त्यांनी माझे डोळे नीट तपासले, मग बायकोचे.

“देवाधर्माचं वावडं हाय का?”

“नाही हो काका, आत्ताच सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आलो.”

“ते गावातलं झालं,” काका म्हणाले.

देव संपल्यावर ते माणसांकडे वळले. लग्न? बारसं? कुणाचं दहावं? कोर्टाचं काम? शेतीची मोजणी? “दवाखाना आसंल. गुडघ्याला हितं चांगला डॉक्टर हाय,” म्हणून त्यांनी पाकिटातला एक्स-रे अर्धा बाहेर काढून उजेडाकडे धरला. मीसुद्धा भिडस्तपणे तो गुडघा पाहिला. मला त्यातलं काही कळत नाही, पण झीज दिसत होती.

“आम्ही सोलापूर बघायला आलोय काका.”

आता चादरीची घडी घालणारा मालकही थांबला.

“सोलापुरात काय हाय बघण्यासारखं?” काका म्हणाले. “एक चिमणी हुती, तीबी पाडली.”

चिमणी म्हणजे साखर कारखान्याची. विमानांच्या वाटेत येते म्हणून २०२३च्या जूनमध्ये ती पाडली. गावात एकेकाळी गिरण्यांच्या चिमण्या किती होत्या, १८७७ साली इथं पहिली गिरणी कशी सुरू झाली, हे मी गाडीत वाचून आलो होतो. आणि खरं सांगतो, मला राग आला. स्वतःच्या गावाबद्दल माणूस असं कसं बोलतो? मी सुरू झालो. १९३०च्या एप्रिलमध्ये तुमच्या नगरपालिकेवर तिरंगा फडकला. मे महिन्यात दोन-तीन दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नव्हता, म्हणून त्यांना मार्शल लॉ पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी आमच्या येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. आणि तुम्ही म्हणता इथं बघण्यासारखं काय आहे? आवाज थोडा चढला होता. शेजारच्या दुकानातला पोरगा डोकावून गेला.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “तारखा पाठ करून आलाव,” ते म्हणाले. “परीक्षा हाय का कसली?”

“नाही हो.”

“कलेक्टरची आसंल. पण वय बसंल का आता?”

मी कपाळाला हात लावला. तो हताशपणे लावला आहे असा त्यांचा समज झाला, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला. देव नाही, लग्न नाही, दवाखाना नाही, आडवारी नवरा-बायको गाव सोडून हिंडतात (शनिवार होता, पण त्यांच्या हिशेबात तो आडवार असावा), आणि माणूस या वयात तारखा पाठ करतो. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि बायकोला हळूच विचारलं, “ताई, साहेबांची नोकरी गेली का?”

इथं बायकोनं “नाही” म्हणायचं होतं. दोनच अक्षरं. पण तिचा हात डबलच्या चादरीवर होता आणि मालक मघापासून किमतीत एक रुपया सोडत नव्हता. तिनं खाली पाहिलं, मोराच्या पिसाऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “काय सांगू काका.”

पुण्यात माझी नोकरी शाबूत होती. सोलापुरात ती शनिवारी पावणेबाराला गेली.

लगेच चहा आला. मला गठ्ठ्यावर बसायला जागा मिळाली. मालकानं आपण होऊन दोनशे रुपये कमी केले, वर दोन नॅपकिन घातले आणि ते देताना माझ्या नजरेला नजर मिळवली नाही. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “कंपन्या काय, आज ठेवतेत, उद्या काढतेत. ताईसारखी बाई हाय म्हणून फिरवून आणायली.” बायकोनं पदर असता तर डोळ्यांना लावला असता. मी तोंड उघडलं की काका “राहू द्या, राहू द्या” म्हणायचे. गेलेली नोकरी परत आणणं ऑफिसात कितपत शक्य असतं मला माहीत नाही, त्या दुकानात तरी अशक्य होतं. मग त्यांनी मोबाईल काढला.

“का बे, कुठं हायस? एक मानूस हाय. पुण्याचा. हिशेबाचं काम करंल. न्हाई बे, चांगल्या घरचा वाटतो.” फोनवर हात ठेवून मला विचारलं, “दारू न्हाई ना?”

पुतण्याचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना होता. काकांनी माझा नंबर त्याला दिला आणि त्याचा नंबर एक्स-रेच्या पाकिटाचा कोपरा फाडून मला लिहून दिला. कोपऱ्यावर छापील अक्षरांत ‘उजवा गुडघा’ असं होतं. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे, कशासाठी ते विचारू नका.

बाहेर पडल्यावर आमचं जे भांडण झालं ते चाटी गल्ली संपेपर्यंत पुरलं. “दोनशे सुटले ना?” हा तिचा एकमेव मुद्दा. माझी अब्रू दोनशे रुपये आणि दोन नॅपकिनांची, हा माझा. भांडणाचा शेवट कडक भाकरीनं केला, कारण ती तोंडात असताना कुणालाच बोलता येत नाही. ज्वारीच्या या भाकऱ्या इथं चळती लावून विकतात आणि त्या कितीतरी दिवस टिकतात. का टिकतात हे माझ्या दाढेवरच्या कॅपला पहिल्याच घासाला कळलं. दह्यात भिजवून, वर शेंगाची चटणी घेतली की मात्र जीव सुखावतो. चटणी कुटलेली हवी. मिक्सरमधली निव्वळ भुकटी असते. कुटलेली ढेकळाढेकळानं येते, दाणा, लसूण आणि तिखट एकजीव झालेलं, आणि बांधून दिलेल्या कागदावर घर गाठायच्या आत तेलाचे डाग पडतात. एक किलो घेतली. नोकरी गेलेल्या माणसानं एक किलो चटणी घेणं दुकानदाराला खटकलं नाही, कारण त्याला अजून बातमी कळली नव्हती.

संध्याकाळी पार्क चौपाटीवर पावभाजी खात होतो. स्टेडियमच्या कडेला गर्दी, धूर, तव्यावर कालथ्याचा खणखणाट. मी बटर जादा सांगितलं आणि मागून ओळखीचा आवाज आला. “जपून खर्च करा साहेब.” एक्स-रेचं पाकीट आताही हातात होतंच. सोबत काकू होत्या, आणि त्यांना सगळं कळलेलं होतं हे त्यांनी बायकोचा हात ज्या रीतीनं धरला त्यावरून दिसलं. आमचे पैसे काकांनी देऊन टाकले. मी पाकीट काढलं तर काकूंनी डोळ्यांनीच मला थांबवलं. त्या डोळ्यांपुढे मी आयुष्यात कधी इतका बेकार वाटलो नव्हतो.

रविवारी पूर्व भागात गेलो. खरं तर या सहलीत मला मनापासून आवडलं ते हे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पेठा, तेलुगू पाट्या, बंद दारांमागून येणारा मागांचा खडखडाट, उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाया, ज्यांची बोटं बोलतानाही थांबत नव्हती. एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारी भाषा एका पाण्याच्या टँकरपाशी भांडत होत्या. हे बघायला कुणी येत नाही, आणि कुणी आलाच तर त्याला इथं काय बघायचं हे सांगणारी धड पाटी कुठे नाही. देवळाकडे कसं जायचं हे मात्र जो-तो सांगतो. पर्यटन पर्यटन म्हणून ओरडायचं, आणि आलेल्या माणसाला आधी देव विचारायचा, मग बायकोचं आडनाव, मग त्याची नोकरी! गावकऱ्यांनी तरी काय करावं म्हणा. त्यांना कुणी कधी सांगितलंच नसेल की तुमचं गावसुद्धा तिकीट काढून बघण्यासारखं आहे. स्टेशनला जाताना रिक्षावाल्यानं विचारलं, “अक्कलकोट झालं का?” मी म्हटलं, “झालं.” तो इतका खूश झाला की वरचे सुटे पाच रुपये त्यानं घेतले नाहीत.

सोमवारी अकराच्या मीटिंगमध्ये फोन वाजला. अनोळखी नंबर म्हणून उचलला.

“काका म्हणाले तुम्ही लै अडचणीत हायत. टॅली येतं का?”

“येतं,” मी म्हणालो. साहेबांनी मान वर केली.

“अठरा हजार देतो. राहायची सोय कारखान्यावर. दिवाळीला बोनस आणि एक चादर.”

विचार करून कळवतो म्हटलं आणि फोन ठेवला. साहेबांच्या नजरेनं माझा पिच्छा दिवसभर सोडला नाही. वाढीचे दिवस जवळ आलेत आणि माणूस मीटिंगमध्ये बसून दुसरीकडचा पगार ऐकतोय, एवढंच त्यांना दिसलं. संध्याकाळी घरी आल्याआल्या हे सगळं बायकोला तावातावानं सांगितलं. तुझ्या दोनशे रुपयांपायी माझी खरीखुरी नोकरी जाईल म्हटलं.

तिनं चटणीच्या डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, “चादर सिंगल देणार की डबल?”