बायडिल, ते 43 टक्के आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. बायडिल या हार्ट फेल्युअरवरच्या (हृदयाला पुरेसं रक्त पंप न करता येण्याच्या आजारावरच्या) गोळीबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं: ज्या औषधाने कृष्णवर्णीय हार्ट फेल्युअर रुग्णांचे मृत्यू 43 टक्क्यांनी घटले, त्यावर शंका घेणं म्हणजे राजकारणापायी रुग्णांच्या जिवाशी खेळणं. शिवाय हा रक्तातला फरक आहे, म्हणून भारतीयांसाठीही असंच वेगळं औषध हवं.

आकडा खरा आहे आणि औषध गुणकारी आहे, हे मी लेखातही नाकारलेलं नाही. 2004 च्या ए-हेफ्ट चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हायड्रालझीन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट (बायडिल म्हणजे याच दोन औषधांचं मिश्रण) मिळालेल्यांत 6.2 टक्के रुग्ण दगावले, बाकीच्यांत 10.2 टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. पण ते 1050 रुग्ण सगळेच्या सगळे स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणारे होते. मग गोऱ्यांना हे औषध कमी लागू पडतं, हे या चाचणीतून कळणार कसं? तो समज याच औषधांच्या जुन्या व्ही-हेफ्ट चाचण्यांच्या नोंदी मागाहून वंशानुसार चाळून निघाला. 1997 मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने, हेच मिश्रण सर्वांसाठी म्हणून नाकारलं, 2005 मध्ये फक्त कृष्णवर्णीयांसाठी मंजूर केलं. दरम्यान वंशाचा उल्लेख असलेलं नवं पेटंट मिळालं आणि मक्तेदारीची मुदत लांबली. माझा राग त्यावर आहे, गोळीवर नाही. पात्र कृष्णवर्णीय रुग्णाला ती मिळालीच पाहिजे. ए सी ई इनहिबिटर (हार्ट फेल्युअरवरची नेहमीची औषधं) सोसत नसलेल्या इतर कोणासाठी तिचा विचारही करू नये, हे मात्र मला मान्य नाही.

तुम्ही 'रक्तातला फरक' म्हणता, त्याबद्दल कार्डिया अभ्यास पाहा. अमेरिकेतल्या चार शहरांतल्या 18 ते 30 वयाच्या 5115 जणांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं. पन्नाशीच्या आत 27 जणांना हार्ट फेल्युअर झालं, त्यातले 26 कृष्णवर्णीय. भयंकर आकडा आहे हा. पण त्याआधी कितीतरी वर्षं वाढलेला रक्तदाब, लठ्ठपणा, किडनीचा विकार दिसत होता. रक्तदाब तर विशी-तिशीत मोजता येतो आणि आटोक्यातही आणता येतो.

आता आपल्याकडचं. एमवायबीपीसी3 या हृदयाच्या स्नायूशी संबंधित जनुकातला एक दोष सुमारे 4 टक्के दक्षिण आशियाई लोकांत आढळतो, त्यावर संशोधन जरूर व्हावं. पण 2013 च्या त्रिवेंद्रम नोंदणीतले (तिथल्या रुग्णालयांत दाखल झालेल्यांच्या नोंदीतले) हार्ट फेल्युअरचे रुग्ण सरासरी 61 वर्षांचे होते, बहुतेकांचं मूळ हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारात होतं, आणि हृदयाचं आकुंचन क्षीण झालेल्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याला घरी जाताना शिफारशीनुसार औषधं मिळाली होती. ती औषधं आजही दुकानात आहेत, आणि त्यातली बरीचशी जेनेरिक आहेत.