तुका आसा, म्हाका ना

23 जून 2016 ला सकाळी कामावर जाता जाता मी मत टाकलं. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात, आमच्या गल्लीजवळच्या चर्चच्या सभागृहात दोन वयस्कर बायका यादी घेऊन बसल्या होत्या. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, झालं. ओळखपत्र कुणी मागितलं नाही, ती सक्ती इथं 2023 मध्ये आली. बोटाला शाई नाही. आडोशाला दोरीनं बांधलेली पेन्सिल, तिनं फुली मारायची. डोंबिवलीच्या शाळेत यंत्राचं बटण दाबून आलेल्या बाईला पेन्सिल पाहून धस्सच होतं. त्या आठवड्यात इथल्याही काही जणांना झालं होतं. 'घरून पेन न्या, पेन्सिलीची खूण खोडतील' अशी हाकाटी चालू होती.

ब्रिटननं युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, हा प्रश्न होता. मला इथं येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. वर्क व्हिसा, पासपोर्ट भारताचा. तरी मला मत होतं, कारण संसदेच्या निवडणुकीत राष्ट्रकुलातल्या देशांचे इथले रहिवासी मतदार असतात आणि सार्वमताला तीच यादी वापरली गेली. युरोपातल्यांना मात्र, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसचे लोक सोडले, तर मत नव्हतं. म्हणजे ज्यांच्या राहण्याबद्दल प्रश्न होता ते घरी, आणि मी पेन्सिल घेऊन उभी.

आमची शेजारीण गोव्यातल्या सासष्टीची. नवरा-बायको दोघं गोदामात रात्रपाळी करायची. स्विंडनमध्ये गोवेकर इतके आहेत की बसमध्ये कोंकणी ऐकू आली तर कुणी मान वळवत नाही. यातले बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. 19 डिसेंबर 1961 च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्व देतो. लिस्बनला जन्माची नोंद करायची, भारताचा पासपोर्ट परत करायचा, आणि युरोपीय होऊन इंग्लंड गाठायचं. हिनं तेच केलं होतं. मी मतदानाचं कार्ड दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "तुका आसा, म्हाका ना?" भारताचा पासपोर्ट ठेवला असता तर तिला मत असतं. अर्थात तो ठेवला असता तर ती इथं आलीच नसती.

मी राहण्याच्या बाजूनं मत दिलं. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या चौकटीपाशी पेन्सिल थबकली होती. व्हिसा वाढवताना 2015 पासून आम्हाला आरोग्य सेवेसाठी वर्षाला 200 पौंड वेगळे भरावे लागत, युरोपातल्यांना नाही. शेजारणीला सासूला इथं आणता आलं. माझ्या आईला आणणं 2012 च्या नियमांनंतर जवळपास अशक्य होतं. हा सल फक्त माझा नव्हता. बाहेर पडायच्या प्रचारात तो बरोबर हेरला गेला होता. तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल करी रेस्टॉरंटं वाचवायची भाषा करत होत्या: युरोपातली गर्दी थांबली की भारत-बांगलादेशातून आचारी आणता येतील. पुढे त्याच रेस्टॉरंटवाल्यांनी आपली फसगत झाल्याची तक्रार केली. आमच्या मराठी ओळखीतही 'ते कमी झाले की आपल्याला जागा' हे भाजणीच्या चकल्या खाता खाता सहज बोललं जायचं.

दुसऱ्या दिवशी निकाल. देशभरात 51.9 टक्के बाहेर पडण्याच्या बाजूनं, स्विंडनमध्ये 54.7. पौंड तीस वर्षांतल्या नीचांकाला, तिकडे सेन्सेक्स सहाशे अंकांनी खाली. ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता मी इथून पाठवते, त्यामुळे अर्थशास्त्र मला त्या महिन्यातच कळलं. दुपारी काकांचा फोन. आनंदात होते. "बघ, साहेबालाही शेवटी परप्रांतीयांचा वैताग आलाच!"

काकांचा हा आनंद मी तेव्हापासून ऐकते आहे. गावाकडच्या ग्रुपवर ब्रेक्झिट म्हणजे आपल्याच भांडणाची विलायती आवृत्ती. एक पुरावा नेहमीचा, पैशाचा. इथं बाहेर पडायच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलं होतं की आपण युरोपला आठवड्याला 35 कोटी पौंड पाठवतो. तिथं म्हणतात, प्रत्यक्ष करात सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्राचा आणि पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या हिश्श्यातून आपल्याला दिले 6.317 टक्के. बसवरचा आकडा फुगवलेला होता. थॅचरबाईंनी 1984 मध्ये मिळवलेली सूट त्यातून वजा केली नव्हती, आणि ती रक्कम मुळात पाठवलीच जात नव्हती. काकांचा आकडा खरा आहे. फक्त त्या करातला बराच भाग मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्यांचा. मुख्यालय नरिमन पॉइंटला आणि गिऱ्हाईक पाटण्याला, तर तो पैसा कुणाचा? बसवरही युरोपच्या बाजारपेठेतून होणाऱ्या फायद्याचा हिशेब नव्हता, आणि तो नंतर चुकता करावा लागला. अर्थसंकल्पाचे आकडे तपासणारी इथली सरकारी संस्था सांगते की युरोपात राहिलो असतो त्या मानानं देशाची उत्पादकता दीर्घकाळात चार टक्क्यांनी कमी राहील.

आणि तुलना एका जागी तुटतेच. युरोपीय संघाच्या करारात कलम 50 नावाचं बाहेर पडायचं दार आहे. आपल्याकडे ते नाही, आणि ते विसरून राहिलेलं नाही. 4 नोव्हेंबर 1948 ला आंबेडकरांनी संविधान सभेत सांगितलं होतं की हा संघ राज्यांनी आपसात करार करून झालेला नाही, त्यामुळे फुटून जायचा अधिकार कोणालाच नाही. काकांना हे सांगितलं की ते म्हणतात, "फुटायचं कोण म्हणतंय? मी फक्त गर्दीचं बोलतोय."

गर्दीचं म्हणणं मी उडवून लावत नाही. माझ्या हाताखाली काम करणारा एक स्विंडनकर होता, वडील रेल्वे कारखान्यातले. तो कारखाना 1986 मध्ये बंद झाला. डॉक्टरची वेळ मिळत नाही, भाडी परवडत नाहीत, पोराला जवळच्या शाळेत जागा नाही, म्हणून त्यानं बाहेर पडायला मत दिलं. शेजारणीशी त्याचं उत्तम जमायचं. त्याच्या तक्रारी खऱ्या होत्या. आज दहा वर्षं होत आली, डॉक्टरची वेळ अजून मिळत नाही.

झालं काय, तर 2021 पासून युरोपातल्यांची मुक्त ये-जा संपली आणि आमची दारं उघडली. विद्यार्थी आले, परिचारिका आल्या, वृद्धांची सेवा करायला केरळातून, झिम्बाब्वेतून माणसं आली. 2023 मध्ये निव्वळ स्थलांतर वर्षाला 9 लाखांच्या वर गेलं, सार्वमताच्या वेळच्या दुपटीहून जास्त. चकल्या खाता खाता बोललं जायचं ते खरं झालं, आपल्याला जागा झाली! आणि जागा झाल्याबरोबर 'ते' म्हणजे आम्ही झालो. जानेवारी 2024 पासून बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार आणता येईना. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट 26,200 पौंडांवरून 38,700 आणि जुलै 2025 मध्ये 41,700 वर गेली. कायम राहण्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षं थांबवायचा प्रस्ताव आला. आरोग्याचे ते 200 पौंड आता 1,035 झालेत, आणि नव्यानं येणाऱ्या युरोपीयांनाही भरावे लागतात. समानता आली म्हणायची.

काकांचा नातू 2023 च्या सप्टेंबरात एमएस्सीला आला, आमच्याकडेच राहतो. शिक्षणानंतरच्या दोन वर्षांत व्हिसासाठी प्रायोजक कंपनी शोधायची आहे. हल्ली काकांचा फोन आला की परप्रांतीयांचा विषय निघत नाही. "त्या पोराचं काही होईल का गं?" एवढंच विचारतात.

4 जुलै 2024 ला संसदेची निवडणूक होती. शेजारणीनं तोवर ब्रिटिश नागरिकत्व घेतलं होतं, तिचं हे इथल्या संसदेसाठीचं पहिलं मत. नवा पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती आमच्या दारात उभी. काकांच्या नातवाचंही नाव यादीत होतं, भारताचा पासपोर्ट ना! आम्ही तिघं त्याच चर्चच्या सभागृहात गेलो. पेन्सिल तशीच, दोरीला. रांगेत त्यानं मोबाइलवर दोन्ही मोठ्या पक्षांचे जाहीरनामे काढले होते.

"आत्या, कुणाला देऊ? दोघंही म्हणतायत, तुम्हाला कमी करू."

शेजारीण म्हणाली, "आदीं आंत वच. लायन थांबल्या."